टेक्निकल अ‍ॅनालिसिस मोबाईलवर शिकायचंय? चार्ट काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते आधी समजून घ्या



आधार आणि पॅन हाताशी असलं की डीमॅट खातं आता मोबाईलवरूनच उघडता येतं. खातं उघडलं की समोर येतात त्या लाल-हिरव्या मेणबत्त्या. मग प्रश्न पडतो, की हे वाचायचं कसं?

मी रिठदचा, म्हणजे वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्याचा. सोयाबीन आणि तुरीचा हा भाग. पूर्वी गावात शेअर बाजार म्हटलं की मुंबईतल्या मोठ्या लोकांचा धंदा वाटायचा. आता पारावर बसलेल्या पोरांच्या मोबाईलवर निफ्टीचा चार्ट उघडा असतो. त्यांच्याकडून मला दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला: "दादा, टेक्निकल शिकायचं आहे, कोणता कोर्स लावू?" दुसरा: "म्युच्युअल फंडाचा चार्ट पाहून पैसे टाकले तर जमते काय?"

आधी थोडक्यात उत्तर देतो. टेक्निकल अ‍ॅनालिसिस शिकता येतं, फुकट शिकता येतं आणि शिकायला पैसे लावावे लागत नाहीत. पण ते भविष्य सांगत नाही. आणि म्युच्युअल फंडाला ते जवळजवळ लागूच होत नाही. का, ते आता सविस्तर पाहू.

टेक्निकल अ‍ॅनालिसिस म्हणजे काय?

शेअरकडे पाहायच्या दोन पद्धती आहेत. कंपनीची विक्री, नफा, कर्ज, मालक कोण हे सगळं तपासणं म्हणजे फंडामेंटल अ‍ॅनालिसिस. कंपनी बाजूला ठेवून फक्त भाव कसा हलला आणि किती सौदे झाले हे पाहणं म्हणजे टेक्निकल अ‍ॅनालिसिस.

यामागची कल्पना साधी आहे. भावात लोकांची भीती आणि हाव दोन्ही उतरलेली असतात. माणसं त्याच त्या परिस्थितीत साधारण तसंच वागतात, म्हणून भावाच्या हालचालीत काही आकार पुन्हा पुन्हा दिसतात. "साधारण" हा शब्द लक्षात ठेवा. सगळी गडबड तिथेच होते.

कँडल: मार्केट यार्डातला एक दिवस

कँडलस्टिक चार्टचा उगम शेअर बाजारात झालेला नाही, धान्याच्या बाजारात झाला आहे. जपानमध्ये ओसाकाच्या दोजिमा बाजारात १७३० पासून तांदळाचे वायदे अधिकृतपणे चालायचे. साकाता गावचा होम्मा मुनेहिसा हा तांदळाचा व्यापारी भावाच्या नोंदी ठेवून सौदे करायचा आणि कँडलची पद्धत त्याच्यापासून आली, असं सांगितलं जातं. म्हणजे ही विद्या मुळात आपल्यासारख्या शेतमालवाल्यांचीच!

म्हणून आपण ती सोयाबीनवर शिकू. समजा, वाशिमच्या मार्केट यार्डात एका दिवशी हर्रास असा झाला (आकडे फक्त उदाहरणासाठी):

- पहिला सौदा: ४,२०० रुपये क्विंटल (ओपन)
- दिवसातला सगळ्यात वरचा भाव: ४,३५० (हाय)
- सगळ्यात खालचा भाव: ४,१५० (लो)
- शेवटचा सौदा: ४,३०० (क्लोज)

बस, एक कँडल तयार झाली. ४,२०० ते ४,३०० हा तिचा जाड भाग, म्हणजे बॉडी. शेवटचा भाव पहिल्यापेक्षा जास्त, म्हणून रंग हिरवा. वर ४,३५० पर्यंत आणि खाली ४,१५० पर्यंत जाणाऱ्या बारीक रेषा म्हणजे वात, इंग्रजीत विक.

वरची वात लांब असेल तर त्याचा अर्थ काय? भाव वर गेला होता, पण तिथे टिकला नाही. वर विकणारे जास्त निघाले. खालची वात लांब असेल तर खाली घेणारे उभे राहिले. कँडलच्या पन्नास नावांची यादी पाठ करण्यापेक्षा एवढं समजलं तरी पुष्कळ झालं.

सपोर्ट आणि रेझिस्टन्स

हेही यार्डातच समजून घ्या. भाव ४,००० वर आला की बरेच शेतकरी म्हणतात, "एवढ्यात नाही परवडत, राहू दे घरात." आवक कमी होते आणि भाव तिथे थांबतो. हा सपोर्ट. भाव ४,६०० ला गेला की घरात थांबवलेला माल गाड्या भरून बाहेर निघतो. आवक वाढते आणि भाव तिथून माघारी फिरतो. हा रेझिस्टन्स.

शेअरमध्येही तसंच आहे. ज्या भावाला आधी दोन-तीन वेळा घेणारे किंवा विकणारे मोठ्या संख्येने आले, ती पातळी लोकांच्या लक्षात राहते.

पण सपोर्ट म्हणजे सिमेंटची भिंत नव्हे. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. सरकारने जाहीर केलेला आकडा, त्याहून पक्का आधार कोणता? तरीही राज्यातल्या अनेक बाजारांत भाव त्याच्या खालीच राहिला. मग चार्टवर आपण बोटाने ओढलेली रेघ किती पक्की असेल, याचा विचार करा.

मूव्हिंग अ‍ॅव्हरेज आणि आरएसआय: एकदा हाताने काढून पाहा

अ‍ॅपमध्ये इंडिकेटर एका टॅपवर येतो, म्हणून तो काहीतरी गूढ वाटतो. खरं तर सगळे इंडिकेटर त्याच जुन्या भावांपासून काढलेली गणितं आहेत.

मूव्हिंग अ‍ॅव्हरेज: एका शेअरचे पाच दिवसांचे बंद भाव १००, १०२, १०१, १०५, १०७. बेरीज ५१५, भागिले ५, सरासरी १०३. उद्या सगळ्यात जुना आकडा काढायचा, नवा घालायचा. ही सरकती सरासरी. ५० आणि २०० दिवसांची सरासरी लोक जास्त पाहतात. भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तर मोठा कल वरचा मानतात. पण सरासरी नेहमी भावाच्या मागून चालते. बैलगाडीच्या मागच्या चाकासारखी, वळण आलं हे तिला उशिराच कळतं.

आरएसआय: हे गणित वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलं. १४ दिवसांतल्या सरासरी वाढीला सरासरी घसरणीने भागायचं. समजा सरासरी वाढ १२ आणि घसरण ६, तर भागाकार २. आता १०० मधून १०० भागिले (१ अधिक २) वजा करा. उत्तर आलं साधारण ६७. ७० च्या वर गेला तर "खरेदी जास्त झाली" आणि ३० च्या खाली गेला तर "विक्री जास्त झाली" असं म्हणतात.

"विक्री जास्त झाली" म्हणजे "आता घ्या" असं नाही. कोरोनाच्या काळात, मार्च २०२० मध्ये, निफ्टीचा आरएसआय ३० च्या खाली गेल्यावरही निफ्टी पडतच राहिला. जानेवारीत १२,४०० च्या वर असलेला निफ्टी २४ मार्चला ७,५११ पर्यंत खाली आला होता. नुसता ३० चा आकडा पाहून मधेच उडी मारणारा त्यात चांगलाच भाजला असता.

चार्टला काय दिसत नाही?

बातमी. चार्टला ती आधी दिसत नाही, घडल्यावर दिसते.

आपल्याच पिकाचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेलं. चार्ट काढला असता तर सरळ वर जाणारी रेघ दिसली असती. त्याच महिन्यात केंद्र सरकारने १२ लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी दिली. पुढे नवा माल यायला लागला आणि भाव धाडकन खाली आला. डिसेंबर २०२१ मध्ये तर सेबीने सोयाबीनचे वायदेच थांबवले. यातलं काहीही कोणत्याही कँडलमध्ये आधी लिहिलेलं नव्हतं.

शेअर बाजारातलं उदाहरण जून २०२४ चं. एक्झिट पोलनंतर ३ जूनला निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वाढून २३,२६३ वर बंद झाला. मोठी हिरवी कँडल, नवा उच्चांक, पुस्तकातला ब्रेकआउट! ४ जूनला लोकसभेचा निकाल आला आणि निफ्टी एका दिवसात जवळजवळ ६ टक्के पडला. ७ जूनला तो पुन्हा ३ जूनच्या पातळीवर होता. ज्याने शेअर घेऊन शांत ठेवले त्याचं फारसं बिघडलं नाही. ज्याने उसन्या पैशावर किंवा ऑप्शनमध्ये डाव लावला, त्याला ७ तारखेपर्यंत थांबायची सोयच नव्हती.

मोबाईलच्या स्क्रीनवर फसवणाऱ्या तीन गोष्टी

१. स्केल. अ‍ॅप चार्टला स्क्रीनभर ताणतं. त्यामुळे अर्ध्या टक्क्याची हालचालसुद्धा डोंगर-दरीसारखी दिसते. चार्ट पाहताना आधी उजवीकडचे आकडे वाचा, मग रेघ पाहा.

२. टाइमफ्रेम. अ‍ॅप उघडलं की बहुतेक वेळा आजचाच चार्ट समोर येतो. पाच मिनिटांच्या चार्टवर घसरण दिसते, त्याच शेअरचा आठवड्याचा चार्ट वर चाललेला असतो. नवीन माणसाने आधी आठवड्याचा, मग दिवसाचा चार्ट पाहावा. मोबाईल आडवा धरून पाच वर्षं मागे जा, चित्र वेगळंच दिसेल.

३. खोटी घसरण. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस शेअर दिला. भाव जवळजवळ निम्मा दिसायला लागला, पण कोणाचंही नुकसान झालं नाही, कारण शेअर दुप्पट झाले. चांगले चार्ट जुने भाव त्यानुसार बदलून दाखवतात. तुमचं अ‍ॅप तसं करतं का, ते एकदा तपासा.

म्युच्युअल फंडाला टेक्निकल अ‍ॅनालिसिस चालतं का?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. कँडलला चार भाव लागतात हे आपण पाहिलं. म्युच्युअल फंडाला दिवसाला एकच भाव असतो, एनएव्ही. फंडाकडची एकूण मालमत्ता, वजा देणी, भागिले युनिट्स. हा हिशोब बाजार बंद झाल्यावर होतो. ओपन नाही, हाय नाही, लो नाही. मग कँडल कशाची काढणार?

दुसरी गोष्ट. शेअरचा भाव घेणारे आणि विकणारे मिळून ठरवतात. एनएव्ही असा ठरत नाही, तो फंडातल्या शेअरच्या भावांवरून येतो. म्हणजे एनएव्हीच्या चार्टवर सपोर्ट-रेझिस्टन्सच्या रेघा ओढल्या, तरी त्या भावाला कोणी माल अडवून बसलेलं नसतं.

आणि सकाळी साडेदहाला बाजार पडलेला पाहून तुम्ही इक्विटी फंडात पैसे टाकले, तरी साडेदहाचा भाव मिळत नाही. तीनच्या आत पैसे फंडाकडे पोचले तर त्या दिवसाचा, नाहीतर पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा एनएव्ही लागतो. ईटीएफ मात्र शेअरसारखा बाजारात चालतो, त्याची कँडल निघते.

मग फंड निवडताना काय पाहायचं?

- खर्च: फंड दरवर्षी काही टक्के खर्च कापतो. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचा डायरेक्ट प्लॅन मिळतो, त्यात मध्यस्थाचं कमिशन नसतं. महिना १,००० रुपयांची एसआयपी २० वर्षं केली आणि समजा वर्षाला १२ टक्के मिळाले, तर साधारण ९.९९ लाख होतात. ११ टक्के मिळाले तर ८.७३ लाख. एका टक्क्याचा फरक सव्वा लाखाचा! (१२ टक्के हे उदाहरण आहे, हमी नाही.)
- निर्देशांकाशी तुलना: फंडाने त्याच्या निर्देशांकापेक्षा जास्त दिलं का? एका वर्षाचं नाही, वेगवेगळ्या पाच-पाच वर्षांचं पाहा.
- रिस्कोमीटर: प्रत्येक योजनेवर जोखमीचा काटा छापलेला असतो. तो कुठे आहे ते पैसे टाकण्याआधी बघा.
- "स्वस्त एनएव्ही" हा भ्रम: ५,००० रुपयांत १० च्या एनएव्हीने ५०० युनिट्स मिळतील, ५०० च्या एनएव्हीने १०. दोन्ही फंड १० टक्के वाढले, तर दोन्हीकडे ५,५०० च होतात. म्हणून "एनएव्ही फक्त १० रुपये" ही काही ऑफर नाही.

शिकून किती जण कमावतात?

सेबीने जुलै २०२४ मध्ये इंट्राडेचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेअर आज घेऊन आजच विकणाऱ्या सामान्य लोकांपैकी २०२२-२३ मध्ये १० पैकी ७ जण तोट्यात होते. ३० वर्षांखालच्यांमध्ये हे प्रमाण ७६ टक्के. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाची पोरं जास्त हरली.

फ्युचर्स आणि ऑप्शन्सचं चित्र आणखी वाईट आहे. सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे सौदे करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावले. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. आमच्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा, दोन लाख निव्वळ हातात पडायला किती हंगाम लागतात.

या हरलेल्यांना कँडल माहीत नव्हत्या असं समजू नका. चार्ट वाचता येणं आणि पैसे कमावणं यांच्यात ब्रोकरेज, कर, घाई आणि डावाचा आकार हे सगळं उभं असतं.

मग कोर्स घ्यावा का?

आधी कायदा समजून घ्या. "हा शेअर घे, तो विक" असं पैसे घेऊन सांगायचं असेल, तर सेबीकडे नोंदणी लागते. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने आणखी स्पष्ट केलं: जो फक्त शिकवतो, त्याला शेअरचं नाव घेऊन दाखवताना अगदी ताजे भाव वापरता येणार नाहीत. या लेखातली उदाहरणंही म्हणूनच जुनी आहेत.

हा नियम कागदावरच नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सेबीने कर्जतच्या अवधूत साठे ट्रेडिंग अकॅडमीवर अंतरिम आदेश काढून सुमारे ५४६ कोटी रुपये गोठवायला सांगितले. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणी नसताना सल्ला दिला जात होता, असं सेबीचं प्रथमदर्शनी म्हणणं आहे. तो अंतिम निकाल नाही, हे लक्षात ठेवा. पण आपल्याला त्यातून एक कसोटी मिळते. कोर्स विकणारा चालू बाजारात शेअरचं नाव सांगत असेल, नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवत असेल किंवा महिन्याला ठरावीक टक्के देतो म्हणत असेल, तर तिथून उठा. टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक पाठवून अ‍ॅप टाकायला लावणारे तर सरळ लुटारूच समजा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

एक महिन्याचा फुकट अभ्यास

- पहिला आठवडा: एनएसईच्या वेबसाइटवरून ओळखीच्या एका कंपनीचे जुने भाव उतरवा. वहीत दहा दिवसांच्या कँडल हाताने काढा.
- दुसरा आठवडा: तेच आकडे गूगल शीट्समध्ये टाकून २० दिवसांची सरासरी स्वतः काढा. अ‍ॅपमधल्या रेघेशी जुळते का पाहा.
- तिसरा आठवडा: वहीवर खोटे सौदे करा. भाव, कारण, कुठे बाहेर पडणार हे सौद्याआधी लिहा. नंतर लिहिलेलं कारण धरायचं नाही.
- चौथा आठवडा: खर्च वजा करून हिशोब करा. याच काळात निफ्टी किती हलला, तेही शेजारी लिहा. एनआयएसएमची गुंतवणूकदारांसाठीची सेबी प्रमाणपत्र परीक्षा मोफत आहे, तिचा अभ्यास याच आठवड्यात सुरू करा.

तीन-चार महिने वही नफ्यात राहिली आणि खरे पैसे लावावेसे वाटले, तर आधी डावाचा आकार ठरवा. २०,००० भांडवल असेल तर एका सौद्यात १ टक्का, म्हणजे २०० रुपयेच गमवायची तयारी ठेवा. शेअर २५० ला घेतला, २४० ला बाहेर पडायचं ठरवलं, तर शेअरमागे धोका १० रुपयांचा. २०० भागिले १० म्हणजे २० शेअर. त्याहून एकही जास्त नाही. भाव कधी कधी २४० ला न थांबता थेट २३० ला उघडतो, म्हणून हा आकडा आणखी कमी ठेवला तरी चालेल.

आणि पेरणीचे पैसे, पीककर्ज, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे यातलं काहीही यात आणू नका. बियाण्याचं पोतं विकून कोणी डाव खेळत नाही. चार्ट पुढच्या वर्षीही तिथेच असेल, पण पेरणीची वेळ गेली की ते वर्ष परत येत नाही.

(हा लेख फक्त माहितीसाठी आहे. मी सेबीकडे नोंदणी केलेला सल्लागार नाही आणि इथे कोणताही शेअर किंवा फंड घेण्याचा सल्ला दिलेला नाही.)